टाकलेले गेले कुठे? लंडनच्या मैल्याची आणि धुराची गोष्ट

द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम आपण माध्यमिक शाळेत शिकवतो. बंद चंबूत एखादी रासायनिक क्रिया घडवून आणतो, आधी आणि नंतर वजन करतो आणि काटा हलत नाही हे मुलांना दाखवतो. मुले नियम पाठ करतात, परीक्षेत लिहितात. तास संपला की हात धुतलेले पाणी मोरीतून निघून जाते, वर्गातला केर मैदानाच्या कोपऱ्यात पेटवला जातो. आणि त्या पाण्याचे व त्या केराचे पुढे काय झाले हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. चंबू बंद असेपर्यंत नियम लागू, चंबू उघडला की नियम संपला, अशीच जणू आपली समजूत असते.

एकोणिसाव्या शतकात जगातल्या सर्वांत मोठ्या शहराची, म्हणजे लंडनची, हीच समजूत होती. त्या समजुतीची किंमत लंडनला दोनदा मोजावी लागली. पहिल्यांदा नदीच्या पाण्यात आणि दुसऱ्यांदा हवेत. या दोन कथा सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. पण त्या एकत्र वाचल्या तर आपल्या नियमाचा इतका चांगला पाठ दुसरा मिळणार नाही.

शौचकूपातून नदीत

१८०१ साली लंडनची लोकसंख्या सुमारे १० लाख होती. १८५१ साली ती २३ लाखांच्या पुढे गेली. घराखाली किंवा परसात विटांनी बांधलेला खड्डा, म्हणजे शौचकूप, ही जुनी सोय होती. खड्डा भरला की रात्री माणसे येत, मैला उपसून गाड्यांतून शहराबाहेर नेत आणि शेतकऱ्यांना खत म्हणून विकत. गटारे होती, पण ती पावसाचे पाणी वाहून नेण्यापुरती. त्यांत घरातला मैला सोडण्यास १८१५ पर्यंत मनाई होती.

शहर वाढले तशी शेते दूर गेली, आणि मैला तिथवर नेणे परवडेनासे झाले. त्यातच पाण्याने धुतले जाणारे शौचालय घरोघर येऊ लागले. साखळी ओढली की बादलीभर पाणी खाली येते आणि सगळे डोळ्यांदेखत नाहीसे होते! पण त्या पाण्याने शौचकूप भराभर भरू लागले, तुंबू लागले. मग ते गटारांना जोडले गेले, आणि गटारे तर टेम्स नदीला मिळत होती.

हा बदल केवळ आपोआप झाला असे नाही. घाणेरड्या वासातून, कुजट हवेतून रोग पसरतात असे त्या काळचे बहुतेक डॉक्टर मानीत. सार्वजनिक आरोग्याच्या सुधारणांसाठी झटणारे एडविन चॅडविक हेही त्याच मताचे होते. तेव्हा घरातली घाण घरातून जितकी लवकर बाहेर जाईल तितके बरे, असे धोरण ठरले. १८४८ नंतर शौचकूप बुजवून घरे गटारांना जोडण्याची सक्ती झाली आणि गटारे धुऊन नदीत सोडण्यात आली. घरे स्वच्छ झाली. पण अनेक पाणी कंपन्या लोकांच्या पिण्याचे पाणी याच नदीतून, शहराच्या मध्यावरून, उपसत होत्या.

मृत्यूंची मोजणी

पटकीची साथ लंडनमध्ये प्रथम १८३२ साली आली. १८४८-४९ च्या साथीत १४,००० हून अधिक आणि १८५३-५४ च्या साथीत १०,००० हून अधिक लंडनकर मेले. डॉ. जॉन स्नो यांचे मत असे होते की हा रोग हवेतून नव्हे, तर रोग्याच्या मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो. ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाचा दांडा त्यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर १८५४ रोजी काढला गेला, ही गोष्ट आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. पण स्नो यांचे अधिक भक्कम काम दुसरेच आहे.

दक्षिण लंडनच्या काही वस्त्यांत दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीत, शेजारशेजारच्या घरांत होते. श्रीमंत-गरीब, हवा, वस्ती सगळे सारखे. फरक एवढाच की लँबेथ कंपनीने १८५२ साली आपला उपसा नदीच्या वरच्या अंगाला, शहराचे मैलापाणी भरतीबरोबरही पोहोचणार नाही अशा जागी हलवला होता. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहरातल्या घाणेरड्या पात्रातूनच पाणी घेत होती. स्नो यांनी दारोदार फिरून, प्रत्येक मृत्यूच्या घरी कोणाचे पाणी येते हे विचारून ठेवले. १८५४ च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्कच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू झाले होते, लँबेथच्या दर १०,००० घरांमागे ३७. घरातून 'गेलेला' मैला नळाने परत घरात येत होता, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

तरीही अधिकाऱ्यांना हे पटले नाही. जंतूंमुळे रोग होतात ही कल्पना अजून रुजायची होती.

याच सुमारास, जुलै १८५५ मध्ये, मायकेल फॅरेडे बोटीने टेम्समधून चालले होते. विजेवरच्या प्रयोगांनी जगाला माहीत असलेल्या या शास्त्रज्ञाने नदीचे पाणी पाहून एक साधा प्रयोग केला. त्यांनी पांढऱ्या कार्डाचे तुकडे केले, ते सहज बुडावेत म्हणून ओले केले, आणि प्रत्येक धक्क्यापाशी एकेक तुकडा पाण्यात सोडला. ऊन लख्ख होते. तरी तुकडा पृष्ठभागाखाली एक इंच जाण्याच्या आतच दिसेनासा होई. फॅरेडे यांनी हे 'द टाइम्स' वृत्तपत्राला पत्र लिहून कळवले. नदीच्या जागी आता वाहते गटार आहे, आणि दुर्लक्ष केले तर एखाद्या कडक उन्हाळ्यात त्याचे फळ मिळेल, असा त्यांच्या पत्राचा आशय होता.

१८५८ चा उन्हाळा

तो उन्हाळा तीनच वर्षांनी आला. १८५८ च्या जूनमध्ये असह्य उष्मा झाला, नदी आटली आणि काठावर साचलेला मैला उन्हात कुजू लागला. पार्लमेंटची नवी इमारत नेमकी नदीकाठी. खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइमच्या द्रावणात भिजवून टांगले, तरी सभासदांना नाकाला रुमाल लावून बसावे लागे. 'महादुर्गंधी' या नावानेच तो उन्हाळा इतिहासात नोंदला गेला. वर्षानुवर्षे पैशांवरून अडलेले विधेयक डिझरायली यांनी १५ जुलैला मांडले आणि २ ऑगस्टला ते मंजूरही झाले. डॉ. स्नो हे पाहायला राहिले नव्हते. १६ जूनलाच त्यांचा मृत्यू झाला होता.

अभियंते जोसेफ बॅझलजेट यांच्याकडे काम सोपवण्यात आले. त्यांची योजना अशी : नदीकडे उतरत येणारी सर्व गटारे नदीला मिळण्याआधीच नदीला समांतर अशा मोठ्या भुयारी गटारांनी अडवायची आणि सगळे मैलापाणी शहराच्या पूर्वेस, नदीच्या खालच्या अंगाला नेऊन सोडायचे. अशी १३२ किलोमीटर मुख्य गटारे बांधली गेली. एकूण कामास सुमारे ३१ कोटी ८० लाख विटा लागल्या. बऱ्याच गटारांचा छेद अंड्याच्या आकाराचा, निमुळते टोक खाली, असा ठेवला होता. त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. पाणी कमी असते तेव्हा ते अरुंद तळातून वाहते, त्याचा वेग टिकतो आणि गाळ बसत नाही. पाऊस पडला की वरचा रुंद भाग कामी येतो.

सखल भागातले मैलापाणी वर उचलण्यासाठी वाफेची अवाढव्य इंजिने बसवली. ती दगडी कोळशावर चालत. ही गोष्ट लक्षात ठेवू या. नदी साफ ठेवण्यासाठी पहिल्या दिवसापासून हवेत धूर सोडावा लागत होता.

गटारांचा उपयोग झाला का? १८६६ मध्ये पटकी पुन्हा आली. साडेपाच हजारांहून अधिक लोक मेले, पण बहुतेक सगळे पूर्व लंडनच्या एका भागात, जिथे नवे गटार अजून सुरू झाले नव्हते आणि पाणी कंपनीच्या साठ्यात नदीचे दूषित पाणी शिरले होते. सरकारी आकडेतज्ज्ञ विल्यम फार आधी हवेच्या सिद्धान्ताचे होते. या वेळी त्यांनी स्वतःच्या आकड्यांवरून स्नो यांचे म्हणणे मान्य केले. यानंतर लंडनमध्ये पटकीची मोठी साथ आली नाही. चुकीच्या सिद्धान्ताच्या धाकाने, केवळ वास घालवण्यासाठी उभारलेल्या गटारांनी योग्य रोग हटवला, असा हा विज्ञानाच्या इतिहासातला मजेदार योगायोग आहे.

'दूर' म्हणजे कोणाच्या दारात?

पण मैला गेला कुठे? बेक्टन आणि क्रॉसनेस या दोन ठिकाणी तो साठवून, ओहोटी सुरू होताना नदीत सोडला जाई. त्यावर प्रक्रिया काहीच नव्हती. जवळच्या बार्किंग गावच्या रहिवाशांनी १८६९ सालीच तक्रार अर्ज केला होता. त्यांच्या दृष्टीने लंडनची घाण नाहीशी झालेली नव्हती, ती त्यांच्या दारात आली होती.

३ सप्टेंबर १८७८ च्या संध्याकाळी सहलीचे प्रवासी घेऊन परतणारी 'प्रिन्सेस अॅलिस' ही आगबोट याच भागात एका कोळसावाहू जहाजावर आदळून फुटली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. सुमारे तासाभरापूर्वीच दोन्ही ठिकाणांहून मैलापाणी सोडले गेले होते. वाचलेल्या लोकांनी पाण्याच्या भयानक घाणीचे वर्णन केले, आणि पाण्याबाहेर काढलेल्यांपैकीही काही पुढे दगावले. चौकशी आयोग बसला. भरतीबरोबर मैला शहराकडे परत येतो हेही सिद्ध झाले. मग चुना आणि लोहाचे क्षार घालून मैलापाण्यातला घन भाग तळाशी बसवण्यात येऊ लागला. जमलेला गाळ १८८७ पासून खास जहाजांतून समुद्रात नेऊन टाकण्यात येऊ लागला. म्हणजे 'दूर' आता आणखी दूर गेले.

मँचेस्टरच्या बाटल्या

मैल्याचे स्थलांतर न करता रूपांतर करायचे, तर तो नदीत नेमके काय करतो हे समजले पाहिजे. नदीतले जिवाणू मैल्यातील सेंद्रिय पदार्थ खातात. त्यासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. मैला थोडा असेल तर हवेतून नवा ऑक्सिजन विरघळत राहतो आणि नदी सावरते. मैला फार झाला तर ऑक्सिजन संपतो, मासे मरतात, आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागून हायड्रोजन सल्फाइडसारखे दुर्गंधी वायू सोडतात. १८५८ चा वास तो हाच. म्हणून मैलापाणी किती घाण आहे हे ते किती ऑक्सिजन खाते यावरून मोजायचे, असे ब्रिटिश आयोगाने १९१२ मध्ये ठरवले. शुद्ध करून नदीत सोडलेल्या पाण्याने पाच दिवसांत लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ऑक्सिजन खाऊ नये आणि त्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक तरंगते कण असू नयेत, असे त्यांचे प्रमाण होते. आजही सांडपाण्याच्या अहवालात 'बी.ओ.डी.' म्हणून जो आकडा असतो, त्याचा उगम इथे आहे.

नदीत जे काही दिवसांत घडते ते टाकीत काही तासांत घडवता येईल का? मँचेस्टरच्या डेव्हिहूल्म येथील केंद्रात एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी हा प्रयोग केला. मैलापाणी बाटल्यांत भरले, शेवाळ वाढू नये म्हणून बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळला, आणि आतून हवेचे बुडबुडे सोडत राहिले. पहिल्या खेपेस पाणी पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. वरचे निवळ पाणी त्यांनी ओतून दिले, पण तळाचा गाळ फेकला नाही. त्याच गाळावर नवे मैलापाणी भरले. या वेळी काम लवकर झाले. पुन्हा तसेच केले, आणखी लवकर झाले. असे करता करता आठवड्यांचे काम २४ तासांवर आणि पुढे त्याहूनही खाली आले. सगळ्यांनी फेकायची वस्तू मानलेला तो गाळ म्हणजे मैला खाण्यात पटाईत झालेल्या जिवाणूंची वसाहत होती. दह्याचे विरजण राखून ठेवावे तसा हा प्रकार. एप्रिल १९१४ मध्ये त्यांनी तो जाहीर केला आणि 'सक्रिय गाळ' असे नाव दिले. जगभरच्या मैलापाणी केंद्रांत आजही प्रामुख्याने हीच पद्धत वापरली जाते. त्यांना या दिशेने वळवणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि त्यांनी मैलापाण्यावरचे संशोधन आपल्या देशातही सुरू केले.

इथेही आपला नियम मोडत नाही. मैल्यातला कार्बन जातो कुठे? काही जिवाणूंच्या शरीरात, म्हणजे गाळात. उरलेला कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत. नायट्रोजनयुक्त पदार्थांचे नायट्रेट होते. द्रव्य तेवढेच, पण ते आता कुजत नाही आणि पाण्यातला ऑक्सिजन ओरबाडत नाही. हा कार्बन अन्नातून, म्हणजे वनस्पतींनी अलीकडेच हवेतून घेतलेला असल्याने तो हवेत परत गेला तरी हिशेब जुळतो. कोळशातल्या कार्बनचे तसे नाही, तो कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला होता.

चिमणीतून आकाशात

आता दुसरी कथा. लंडनच्या धुराची तक्रार नदीच्या तक्रारीपेक्षा कितीतरी जुनी. जॉन एव्हलिन यांनी १६६१ मध्ये या धुरावर पुस्तिका लिहून ती राजाला सादर केली होती. १८५३ मध्ये, म्हणजे महादुर्गंधीच्या आधी, लंडनमधील भट्ट्यांच्या धुरावर कायदाही झाला. पण घरातली शेकोटी प्रत्येक कायद्यातून वगळली गेली. गटार सार्वजनिक असते, ते सरकारने बांधले की झाले. शेकोटी मात्र ज्याची त्याची, कुटुंबाच्या उबेची, तिला हात लावायला कोणी राजी नव्हते. आणि धूर उंच धुराड्यातून एकदा वर गेला की साखळी ओढल्यासारखेच, डोळ्यांसमोरून नाहीसा! मुंबईतही १९१२ साली धूरविरोधी कायदा झाला.

५ डिसेंबर १९५२, शुक्रवार. थंडी कडक, वारा पडलेला. एरवी जमिनीलगतची हवा उबदार असते, ती वर चढते आणि धूर घेऊन जाते. त्या दिवशी उलटे झाले. खाली थंड हवा आणि वर उबदार हवेचे झाकण. बंद चंबूच म्हणा ना! त्या चंबूत लाखो शेकोट्या आणि वीजकेंद्रे जळत होती. रोज सुमारे १,००० टन धूळकण आणि ३७० टन सल्फर डायऑक्साइड त्यात भरत होते. हा वायू धुक्याच्या थेंबांत विरघळून गंधकाम्ल होत होते. लोकांना चालताना स्वतःचे पाय दिसेनात. एका नाट्यगृहात प्रेक्षागृहात धुरके शिरले आणि प्रयोग बंद करावा लागला. मंगळवारी, ९ तारखेला, वारा सुटला.

आपत्ती केवढी होती हे त्या दिवसांत कोणालाच नीट कळले नाही. ते कळले मृत्यूच्या नोंदी मोजल्यावर, स्नो आणि फार यांच्याच पद्धतीने. नेहमीपेक्षा सुमारे ४,००० मृत्यू अधिक झाले होते. नंतरच्या आठवड्यांतही मृत्यू चढेच राहिले, ते सरकारने इन्फ्लुएंझाच्या खाती टाकले. २००१ मध्ये मिशेल बेल आणि डेव्रा डेव्हिस यांनी त्या नोंदी पुन्हा तपासल्या. तेव्हा एकूण अधिक मृत्यूंचा अंदाज सुमारे १२,००० वर गेला. १८५४ च्या पटकीने घेतले त्याहूनही हे अधिक.

ह्यू बीव्हर यांच्या समितीने १९५४ मध्ये अहवाल दिला आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. या वेळी प्रथमच घरची शेकोटी कायद्यात आली. ठराविक वस्त्यांत धूर सोडणारा कोळसा बंद करून कोक, गॅस किंवा वीज वापरायची आणि चूल बदलण्याच्या खर्चात सरकारने वाटा उचलायचा, असे ठरले. काळा धूर खरोखर कमी झाला, कारण ज्वलनच बदलले होते.

हवेतून पाण्यात, लंडनहून नॉर्वेत

गंधकाचे मात्र तसे झाले नाही. धूर म्हणजे अपुरे जळलेला कार्बन. नीट जाळला की तो उरत नाही. गंधक कसेही जाळा, त्याचा सल्फर डायऑक्साइड होतोच. त्याचे काय करायचे?

लंडनच्या बॅटर्सी वीजकेंद्रात १९३३ पासून चिमणीचा वायू पाण्याने धुतला जात होता. टेम्सचे किंचित अल्कधर्मी पाणी आणि त्यात खडूची निवळी. नव्वद टक्क्यांहून अधिक सल्फर डायऑक्साइड त्यात उतरे. हवा वाचली, पण धुवण नदीत सोडले जाई. शिवाय धुतलेला वायू थंड व ओला झाल्याने वर न चढता जवळच्याच वस्तीवर उतरे. मैला साफ करणाऱ्या पंपांनी हवेत धूर सोडला होता, आता हवा साफ करणाऱ्या यंत्रांनी नदीत गंधक सोडले!

दुसरा मार्ग बॅझलजेट यांच्या गटारासारखाच होता : उंच चिमणी. ड्रॅक्स येथील वीजकेंद्राची चिमणी २५९ मीटर उंच आहे. शहरांतली हवा सुधारली, पण वाऱ्याची दिशा ईशान्येकडे. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते ओडेन यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले की स्कँडिनेव्हियाचा पाऊस आम्लधर्मी होत आहे आणि ते गंधक बऱ्याच अंशी परदेशांतून येत आहे. दक्षिण नॉर्वेच्या तळ्यांतले मासे संपत होते. बार्किंगच्या रहिवाशांचीच ही तक्रार होती, फक्त तक्रारदार आता समुद्रापलीकडचे होते. आणि शोध तरी नवा कुठे होता? मँचेस्टरचे रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी 'आम्ल पाऊस' हा शब्द १८७२ मध्येच आपल्या पुस्तकात वापरला होता. १९७९ मध्ये सीमा ओलांडणाऱ्या हवा-प्रदूषणावर जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढे ड्रॅक्समध्येच चुनखडीची निवळी वापरून सल्फर डायऑक्साइडचे जिप्सम बनवण्यात येऊ लागले, आणि त्या जिप्समच्या भिंतींच्या फळ्या होऊ लागल्या. हेही रूपांतर, सक्रिय गाळासारखे.

हिशेब अजून चालू आहे

१९५० च्या दशकात टेम्सच्या शहरालगतच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळजवळ संपला होता. जुनी केंद्रे वाढवून नव्याने बांधली गेली, तेव्हा मासे परतू लागले. ते परतल्याचे कसे कळले? नदीकाठच्या वीजकेंद्रांत थंड करण्यासाठी पाणी ओढतात, त्या जाळ्यांत ते सापडू लागले. १९७४ मध्ये वेस्ट थरॉक वीजकेंद्राच्या जाळीत एक सामन मासा मिळाला, त्याची मोठी बातमी झाली.

समुद्रात गाळ टाकणे १९९८ अखेर युरोपभर बंद झाले. लंडनच्या गाळाचा बराच भाग त्यानंतर बेक्टन आणि क्रॉसनेस येथे जाळला जाऊ लागला, त्यातून वीज मिळते. म्हणजे नदीतला मैला शेवटी चिमणीशी आला, आणि त्या चिमणीवर वायू धुण्याची यंत्रणा बसवावी लागली. जोराच्या पावसात बॅझलजेट यांची गटारे भरून नदीत सांडत, ते अडवण्यासाठी २५ किलोमीटर लांबीचा नवा बोगदा २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेला. ब्रिटनचे शेवटचे कोळशावरील वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. कोळशावर सार्वजनिक वीज देणारे पहिले केंद्र लंडनमध्येच १८८२ साली सुरू झाले होते. त्या १४२ वर्षांत जळालेला कोळसा राख आणि वायू होऊन गेला. धूर बसला, गंधक पावसाबरोबर उतरले. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग मात्र अजून हवेत आहे. त्याला नेऊन टाकायला बार्किंग नाही आणि नॉर्वेही नाही. पृथ्वीचे वातावरण हाच शेवटचा चंबू.

वर्गात काय करता येईल? फॅरेडे यांचा प्रयोग कुठेही होतो. पांढऱ्या ताटलीला दोरी बांधून ती गावच्या तळ्यात, ओढ्यात, विहिरीत सोडावी आणि किती सेंटिमीटरवर दिसेनाशी होते ते मुलांनी वहीत नोंदवावे. पावसाळ्याआधी व नंतर, वस्तीच्या वरच्या अंगाला व खालच्या अंगाला, असे आकडे जमले की त्यातून पुष्कळ शिकता येते. दुसरे काम चालण्याचे. शाळेच्या मोरीपासून निघावे आणि पाणी जिथवर जाते तिथवर मुलांना घेऊन जावे. जिथे ते पोहोचते तिथे कोण राहते, ते लोक पिण्याचे पाणी कुठून आणतात, हे त्यांना विचारावे. ज्याचे नळाचे पाणी कुठून येते ते विचारल्यावाचून स्नो एकाही दारातून परत फिरले नव्हते. आपल्या मुलांनीही तसेच विचारावे, आणि मिळालेले उत्तर द्रव्याच्या अक्षय्यतेच्या धड्याशेजारी लिहून ठेवावे.